प्रतिकारशक्ती : बळ आणि संयम

२०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक अमेरिकेतील मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल आणि जपानमधील शिमोन साकागुची या तिघांना विभागून देण्यात आले. शरीर रोगजंतूंशी लढते कसे, या प्रश्नाचा माग काढणाऱ्यांना हा मान यापूर्वी अनेकदा मिळाला आहे. या वेळी तो मिळाला, तो जवळजवळ उलट प्रश्नाबद्दल. लढण्याची एवढी जय्यत तयारी असलेले शरीर स्वतःवरच का उलटत नाही, त्याचा हात वेळीच कोण धरतो, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर केवळ शास्त्रज्ञांपुरते राहावे असे नाही. ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द करोनाच्या साथीपासून घरोघर पोहोचला आहे. आणि ज्या अर्थाने तो पोहोचला, त्या अर्थाचा पायाच या संशोधनाने काढून घेतला आहे.

२०२० सालच्या टाळेबंदीत काढे, अर्क, चूर्णे आणि गोळ्या यांचा बाजार किती फोफावला होता, हे अजून कोणी विसरलेले नाही. वेष्टनावर ‘इम्युनिटी’ एवढी अक्षरे छापली की मिठाईपासून मसाल्यापर्यंत काहीही खपत होते. या साऱ्या व्यापारामागे एक साधी समजूत होती व ती आजही आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे जणू बँकेतील शिल्लक. कमी असेल तर वाईट, जास्त असेल तर चांगली, आणि जितकी वाढवावी तितके उत्तमच! शालेय पुस्तकांतून वर्षानुवर्षे चालत आलेल्या सैन्याच्या उपमेने ही समजूत अधिकच पक्की केली. ती उपमा अगदीच चुकीची आहे असे नाही. परंतु ती अर्धीच सांगितली जाते. ज्या फौजेवर कोणाचा अंमल चालत नाही, ती शत्रूचा मुलूख जितक्या सहज लुटते तितक्याच सहज स्वतःचाही लुटते, हे पेंढाऱ्यांच्या काळाने मराठी मुलखाला पुरेपूर शिकवले आहे. शरीराचेही तसेच आहे. संधिवाताचा एक दुर्धर प्रकार, बालवयात जडणारा मधुमेह, ल्युपस, मज्जातंतूंचे आवरण झिजवणारा मल्टिपल स्क्लेरोसिस, हे सारे प्रतिकारशक्ती कमी पडल्याने होणारे रोग नव्हेत. ती आपल्याच घरावर चालून गेल्याने होणारे रोग आहेत.

जुने कोडे

विसाव्या शतकाच्या आरंभीच जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी या कोड्यावर बोट ठेवले होते. शरीराला स्वतःच्या पेशींवर विष ओकण्याचे जणू भय वाटते, असे त्यांनी मांडले. कल्पना मोठी होती. पण हे भय शरीराच्या ठायी येते कोठून, हे त्या काळी सांगता येण्याजोगे नव्हते.

पुढे ज्ञान वाढले, तसे कोडे अधिकच बिकट झाले. प्रतिकारयंत्रणेतील पेशी ज्या रेणूंच्या साहाय्याने परक्याला ओळखतात, ते रेणू जनुकांचे तुकडे यदृच्छेने जुळवून घडवले जातात. प्रतिपिंडांच्या बाबतीत ही गोष्ट सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये सिद्ध केली व त्याबद्दल त्यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘टी पेशी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या पेशींबाबतही हेच तत्त्व खरे ठरले. निसर्गाच्या या जुगारात मोठे शहाणपण आहे. पृथ्वीवर अद्याप जन्मालाही न आलेल्या एखाद्या विषाणूला ओळखणारी पेशी या मार्गाने शरीरात आधीच तयार असू शकते. परंतु जुगाराला किंमतही असतेच. कोट्यवधी किल्ल्या अंदाजाने घडवल्या, तर त्यांतील काही स्वतःच्याच घराच्या कुलपाला लागणार, हे उघड आहे.

या धोक्याचे पहिले निवारण छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत होते. जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये या दुर्लक्षित ग्रंथीचे खरे कार्य उजेडात आणले. टी पेशींची परीक्षा येथे होते, आणि ती इतकी कठोर असते की शंभरातील पंचाण्णवांहून अधिक पेशी तेथेच मरतात. स्वादुपिंडापासून डोळ्यापर्यंत दूरदूरच्या अवयवांतील प्रथिनांचे नमुने या ग्रंथीत मुद्दाम तयार केले जातात आणि जी पेशी त्यांच्यावर तुटून पडते तिला पुढे जाऊ दिले जात नाही. असे असूनही निरोगी माणसाच्या रक्तात स्वतःच्या अवयवांना ओळखणाऱ्या काही टी पेशी सापडतातच. परीक्षेतून निसटलेल्या या पेशी आयुष्यभर शांत राहतात. त्यांना शांत कोण ठेवते, हा प्रश्न शिल्लक उरला होता.

टाकून दिलेली कल्पना

इतर पेशींना आवर घालणाऱ्या ‘दमनकारी’ टी पेशी असाव्यात, असा विचार १९७० च्या सुमारास पुढे आला. दहाएक वर्षे या कल्पनेचा मोठा गाजावाजा झाला. परंतु पुरावे कच्चे होते आणि दावे मोठे. या पेशींची खूण म्हणून ज्या जनुकाकडे बोट दाखवले जात होते, ते जनुक १९८० नंतरच्या दशकात डीएनएचा नकाशा प्रत्यक्ष तपासला असता त्या जागी मुळी सापडलेच नाही. साहजिकच कल्पनेची पत गेली. खोटा पुरावा टाकताना त्याच्याबरोबर खरा प्रश्नही टाकला गेला. विज्ञानाच्या इतिहासात असे अनेकदा घडले आहे.

तो प्रश्न उचलून धरणाऱ्या थोड्या लोकांत साकागुची हे एक होत. जपानमधील नागोया येथील संशोधकांच्या एका विचित्र निरीक्षणाने त्यांना पछाडले होते. नवजात उंदराची थायमस ग्रंथी जन्मानंतर तीन दिवसांनी काढली, तर टी पेशी घटून त्याची प्रतिकारयंत्रणा दुबळी पडावयास हवी. प्रत्यक्षात ती बेफाम होत असे आणि उंदीर स्वतःच्याच अवयवांवरील हल्ल्याने आजारी पडत. साकागुची यांनी अशा उंदरांना त्याच वंशाच्या निरोगी उंदरांच्या परिपक्व टी पेशी टोचल्या, आणि आजार टळला. याचा अर्थ एवढाच निघू शकत होता की, टी पेशींच्या गर्दीत हल्ला करणाऱ्यांबरोबर हल्ला थांबवणाऱ्याही असल्या पाहिजेत.

असा अर्थ काढणे सोपे. त्या पेशी वेगळ्या करून दाखवणे कठीण. या कामात त्यांची दहा वर्षांहून अधिक गेली. अखेर १९९५ मध्ये, पृष्ठभागावर ‘सीडी ४’ व ‘सीडी २५’ अशा दोन्ही खुणा बाळगणारा टी पेशींचा एक छोटा गट त्यांनी जगापुढे ठेवला. सीडी ४ जातीच्या पेशींत हा गट सुमारे पाच ते दहा टक्क्यांचाच. तो काढून घेतला की उंदरांत स्वतःवरील हल्ले सुरू होत. परत दिला की ते थांबत. या पेशींना आज ‘नियामक टी पेशी’ म्हटले जाते. मात्र पूर्वीचे हात पोळलेले होते. त्यामुळे तज्ज्ञांनी या शोधाचे स्वागत संशयानेच केले, आणि तो संशय दूर होण्यास पुरावा आला तो अगदी वेगळ्या दिशेने.

खवलेदार उंदरांचा वारसा

अमेरिकेतील टेनेसी राज्यात ओक रिज येथील प्रयोगशाळेत १९४९ मध्ये, किरणोत्साराचे परिणाम अभ्यासण्यासाठी पाळलेल्या उंदरांत काही नर पिले कोंडा धरलेल्या खवलेदार कातडीची निपजली. त्यांच्या प्लीहा व लसीकाग्रंथी फुगलेल्या असत आणि ती काही आठवड्यांतच मरत. या वंशाचा तेव्हा कोणालाही कसला उपयोग नव्हता. तरीही तो जतन केला गेला. चाळीस-पन्नास वर्षांनी ब्रंको व रॅम्सडेल हे एका औषधकंपनीत काम करीत असताना त्यांनी या उंदरांचा दोष कोणत्या जनुकात आहे, हे शोधण्याचे मनावर घेतले. दोष एक्स गुणसूत्रावर आहे, एवढे ठाऊक होते. उंदराच्या या गुणसूत्राचा मजकूर सुमारे सतरा कोटी अक्षरांचा आहे. चिकाटीने शोध घेत त्यांनी तो पाच लाख अक्षरांच्या टप्प्यावर आणला. त्या टप्प्यात वीस जनुके संभवत होती. एकेक तपासता तपासता दोष सापडला तो अगदी शेवटच्या, विसाव्या जनुकात. त्या जनुकाच्या मजकुरात फक्त दोन अक्षरे जास्तीची पडली होती. जनुकाला ‘फॉक्सपी ३’ असे नाव मिळाले.

माणसांतही अशीच एक व्यथा होती. काही मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, आतड्यांचा दाह व त्वचेचा विकार असे एकाच वेळी जडत आणि त्यांतील बरेच बालपणीच दगावत. ‘आयपेक्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दुर्मीळ रोगाचे मूळही त्याच जनुकाच्या बिघाडात आहे, हे २००१ मध्ये स्पष्ट झाले. आणखी दोन वर्षांनी, २००३ मध्ये, साकागुची व इतर संशोधकांनी दोन्ही धागे जोडले. नियामक टी पेशी घडतात त्याच मुळी फॉक्सपी ३ च्या आज्ञेने. जनुक बिघडले की या पेशी तयार होत नाहीत, आणि बाकी सारी यंत्रणा शाबूत, किंबहुना जोमात असूनही शरीर स्वतःला जाळत सुटते. या मुलांची प्रतिकारशक्ती कमी नव्हती. तिला लगाम नव्हता.

दोन्ही बाजूंनी धारेचे शस्त्र

लगाम असणे जसे आवश्यक, तसा तो योग्य जागी असणेही आवश्यक. कर्करोगाच्या गाठी नियामक पेशींना स्वतःभोवती गोळा करतात व त्यांच्या आडोशाने हल्ल्यातून बचावतात. टी पेशींवरील असे निरनिराळे लगाम सैल करणारी औषधे गेल्या दीड दशकात आली आणि त्या वाटा दाखवणारे जेम्स ॲलिसन व तासुकु होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक लाभले. काही असाध्य कर्करोगांचे रुग्ण या औषधांनी वर्षानुवर्षे जगले. परंतु त्याच औषधांनी अनेकांत आतड्यांचा, अवटु ग्रंथीचा वा यकृताचा दाह उद्भवतो. प्रतिकारशक्ती सरसकट ‘वाढवली’ तर काय होते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

लगाम अधिक आवळल्यास काय होते, याची उदाहरणे क्षयरोगाने दिली आहेत. संधिवातावर दाहकारक रेणू रोखणारी नवी औषधे परिणामकारक ठरली. पण ती घेणाऱ्या काहींच्या फुप्फुसांत वर्षानुवर्षे कोंडलेला क्षय पुन्हा जागा होतो, हे २००१ मध्येच ध्यानी आले. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा ज्या भारतात आहे, तेथे ही औषधे देण्यापूर्वी छुप्या क्षयाची तपासणी करणे हा उपचाराचाच भाग होय. कुष्ठरोगात तर ही दुधारी रीत एकाच रोगात दिसते. प्रतिकार दुबळा असेल तर जंतू शरीरभर पसरतात. प्रतिकार जोरकस असेल तर जंतू थोडेच राहतात, पण मज्जातंतूंची हानी त्या प्रतिकारानेच होते. वरोऱ्याच्या आनंदवनासारख्या संस्थांनी ज्यांना आश्रय दिला, त्यांपैकी अनेकांच्या वाकलेल्या बोटांमागे जंतूंइतकाच शरीराचा हा अनावर प्रतिकार होता.

करोनाच्या साथीने हाच धडा सर्वांसमोर गिरवला. ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत जून २०२० मध्ये असे दिसले की, डेक्सामेथासोन या जुन्या व स्वस्त स्टेरॉइडने कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. स्टेरॉइड प्रतिकार दडपते, आणि येथे प्रतिकार दडपल्यानेच प्राण वाचत होते. त्याच चाचणीत, ज्यांना प्राणवायूचीही गरज नव्हती अशा रुग्णांना मात्र त्याचा काही लाभ झाला नाही. हा दुसरा निष्कर्ष बेपर्वाईने बाजूस सारला गेला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गरज नसताना, अधिक मात्रेत वा अधिक काळ दिलेली स्टेरॉइडे आणि बेताल मधुमेह यांच्या संगनमताने म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाने महाराष्ट्रात अनेकांचे डोळे, जबडे आणि प्राणही घेतले. औषध एक, रोग एक. फरक होता तो केवळ वेळेचा व प्रमाणाचा.

बाजाराचा दावा

या पार्श्वभूमीवर ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ या शब्दप्रयोगाला काय अर्थ उरतो? कोणत्या पेशी वाढवणार, हल्ला करणाऱ्या की आवरणाऱ्या? कोठे, किती आणि कोणाच्या शरीरात? वेष्टनावर याचे उत्तर नसते. प्रतिकारशक्ती हे कोणत्याही एका रोगाचे नाव नसल्याने, ती वाढली की नाही हे तपासण्याचा प्रसंगही विक्रेत्यावर येत नाही.

हा दावा नेहमीच निरुपद्रवी असतो असेही नाही. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. साथीच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृतास इजा झाली होती, आणि तिचे स्वरूप शरीराने स्वतःच्याच यकृतावर केलेल्या हल्ल्याशी जुळणारे होते. पुढच्या वर्षी देशातील १३ केंद्रांमधून अशा ४३ रुग्णांचा वृत्तांत आला. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने पहिल्या वृत्तांतावर घेतला, आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल बाजारात मिसळली जाते हेही खरे. तथापि हा वाद आयुर्वेद विरुद्ध आधुनिक वैद्यक असा रंगवणे हे मूळ प्रश्नाला बगल देणे होय. वैद्याने प्रकृती, मात्रा व काळ पाहून द्यावयाचे औषध, कोणासही, कितीही दिवस, कोणत्याही परीक्षेविना घेता येते अशी समजूत पसरवणे, हे आयुर्वेदाच्याही परंपरेत बसत नाही. ज्याच्या शरीरात स्वतःवर उलटणाऱ्या पेशी आधीच अस्वस्थ आहेत, त्याला प्रतिकारशक्ती ‘वाढवण्याचा’ सल्ला देणे हे आगीला वारा घालणे ठरू शकते.

मग प्रतिकारशक्तीसाठी काहीच करता येत नाही काय? निश्चित करता येते, आणि ते काय, हे भारतातील एका संशोधनानेच दाखवले आहे. झारखंडमधील चार जिल्ह्यांत क्षयरुग्णांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील काही कुटुंबांना नेहमीचे धान्य, डाळी, दूधभुकटी आदी शिधा देण्यात आला. अशा घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी राहिले. हा परिणाम कोणत्याही अर्काचा वा भस्माचा नव्हता. तो पोटभर अन्नाचा होता. मेळघाटातील कुपोषित बालकाची प्रतिकारशक्ती खरोखरच क्षीण असते, पण तिच्यावरील उपाय दुकानाच्या फळीवर नाही, शिध्यात आहे. लशीचेही कार्य असेच नेमके असते. ती यंत्रणेला सरसकट चिथावत नाही. एका विशिष्ट शत्रूची ओळख तिच्या स्मरणात ठेवते.

धीराची गुंतवणूक

नियामक पेशी वाढवून, बाहेर जोपासून वा नव्याने घडवून त्या रुग्णास देण्याच्या चाचण्या आता अनेक देशांत चालू आहेत. स्वतःवरील हल्ल्यांचे रोग आणि अवयवरोपण, या दोन्ही क्षेत्रांत त्यांच्याकडे आशेने पाहिले जाते. दुसऱ्या वाटेने, जर्मनीतील एर्लांगेन येथील वैद्यांनी २०२१ पासून, रक्ताच्या कर्करोगासाठी योजलेली ‘कार टी’ पेशींची रीत ल्युपसच्या रुग्णांवर वापरली व काहींचा रोग औषधांविना शांत राहिला. त्यात ‘सीडी १९’ ही खूण असलेल्या बी पेशी लक्ष्य केल्या होत्या. मुंबईची आयआयटी व टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून घडलेला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेला रक्तकर्करोगावरील स्वदेशी उपचारही त्याच खुणेवर नेम धरतो, आणि त्याचा खर्च परदेशातील उपचाराच्या सुमारे एक दशांश सांगितला जातो. म्हणजे नव्या ज्ञानाची एक दोरी मुंबईच्या हाती आधीच आलेली आहे.

ती सुटू नये असे वाटत असेल, तर या नोबेलकथेचा उत्तरार्ध लक्षात घ्यावा लागेल. कोणाच्याही उपयोगाचा नसलेला उंदरांचा एक वंश अर्धशतक सांभाळला गेला. बदनाम झालेल्या प्रश्नामागे एका माणसाने उमेदीची वर्षे घातली. पुढच्या तिमाहीत फळ मागणाऱ्या कोणत्याही हिशेबात यांपैकी काहीच बसले नसते. भारताचा संशोधनावरील खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या केवळ ०.६४ टक्के होता. प्रतिकारशक्तीच्या नावाने गोळ्या-अर्कांवर सहज पैसे टाकणाऱ्या समाजाने तिच्या अभ्यासाबाबत मात्र हात आखडता घ्यावा, ही विसंगती भूषणावह नाही.

पालकांनी, वैद्यांनी आणि शासनानेही यापुढे ‘शक्ती किती’ एवढे विचारून थांबू नये; ‘तिच्यावर ताबा आहे काय’ हेही विचारावे. निरोगी माणूस प्रत्येक घासाबरोबर परकी प्रथिने गिळतो, आतड्यात अब्जावधी जंतू बाळगतो, माता तर अर्धे परके मूल नऊ महिने पोटात वाढवते, आणि तरीही शरीर शस्त्र उपसत नाही. शक्ती असूनही ती न वापरण्याचा हा निर्णय शरीर दर क्षणी घेत असते. आरोग्य म्हणतात ते मुख्यतः त्यावरच उभे आहे.